विषय: आईचे ऑपरेशन आणि सकाळची गोळी

सर्वांस नमस्कार,
पित्ताशयाचे ऑपरेशन अखेर गुरुवारी सकाळी ठरले आहे. वॉर्डातून भावाला मध्यरात्रीनंतर आईला तोंडावाटे काहीही देऊ नका असे बजावले आहे. मात्र मायस्थेनियाची (स्नायू लवकर थकून दुबळे होण्याच्या आजाराची) पायरिडोस्टिग्मिनची 60 मिलिग्रॅमची गोळीही त्यात धरली आहे का, हे कोणीच सांगत नाही. ती चुकली की आईच्या पापण्या मिटू लागतात आणि घास गिळवत नाही. कोथरूडला भाऊ एकटाच आहे. त्याने नेमके कोणाला विचारावे?
– ग्रंथालयवाली

भूलतज्ज्ञांना, आणि तेही आजच. ही गोळी पुष्कळदा घोटभर पाण्याबरोबर देतात, क्वचित मुद्दाम थांबवतातही. पण तो निर्णय वॉर्डातल्या छापील सूचनेने होऊ नये. या आजारात रोक्युरोनियमसारख्या स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाची थोडी मात्राही फार काळ अंमल करते, उलट त्याच कामाचे सक्सिनिलकोलिन नेहमीच्या मात्रेत पुरत नाही. त्यामुळे खरी कसोटी श्वासाची नळी काढल्यानंतर श्वास पुरतो का, ही असते. रोक्युरोनियमचा अंमल उतरवणारे सुगामाडेक्स हाताशी आहे का आणि आयसीयूत खाट राखली आहे का, हे विचारावे. स्नायूंचा दुबळेपणा वाढवणारे जेंटामायसिन (प्रतिजैविक) व मॅग्नेशियम शक्यतो टाळावे, हे केसपेपरवर लिहून घ्यावे.
– निवृत्त भूलतज्ज्ञ, पूर्वी पुणे

आमच्या मेव्हण्यांच्या वेळी 1980 सालचे लेव्हेंथालचे निकष लावले होते: आजार 6 वर्षांहून जुना, गोळी दिवसाला 750 मिलिग्रॅमहून जास्त, फुप्फुसांची क्षमता 2.9 लिटरहून कमी. त्यावरून व्हेंटिलेटर लागेल का, ते आधीच कळते.
– माजी कोषाध्यक्ष

कोषाध्यक्षसाहेब, ते निकष छातीतली थायमस ग्रंथी काढलेल्या रुग्णांवरून बांधलेले आहेत. पित्ताशयाला ते जसेच्या तसे लावू नयेत, एवढे तरी माझ्यावर सोडावे.
– नि. भू.

वैद्यकीय प्रश्न आरोग्य समितीमार्फतच यावेत, असे वार्षिक सभेत ठरले होते, याची नम्र आठवण.
– सचिव

सचिवांस: समितीची बैठक शनिवारी आहे.
भूलतज्ज्ञांशी भावाचे बोलणे झाले. गोळी पहाटे 6 वाजता घोटभर पाण्याबरोबर द्यायची आहे आणि आयसीयूत खाट राखली आहे; सुगामाडेक्स मात्र बाहेरून आणायला सांगितले आहे. यादीतील कोणाचे नातेवाईक बुधवारी संध्याकाळी भावाबरोबर औषधांच्या दुकानांत फिरू शकतील का?
– ग्रंथालयवाली