मदत हवी आहे: मे महिन्यात रतनगड–कात्राबाई–हरिश्चंद्रगड, पाणी किती घ्यायचं?

डोंगरखूळ: चौघे जण, तीन दिवस. रतनवाडी, रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड आणि उतरताना तोलार खिंडीतून खिरेश्वर. रोज आठला निघून चारपर्यंत चालायचं ठरतंय. माणशी तीन लिटर पाणी पुरेल का? सॅक आत्ताच चौदा किलोच्या घरात आहे.

घाटमाथा: आठ ते चार आधी खोडा. पहाटे पाचला टॉर्चवर निघा, साडेदहाला सावली धरा, साडेचारनंतर उरलेलं चाला. चढावर तासाला पाऊण लिटर लागतं. पाच तासांचे पावणेचार आणि अडीअडचणीला एक, म्हणजे माणशी पावणेपाच लिटर. एवढं वजन वाढणार, तेव्हा तंबू घरी ठेवा. स्वयंपाक पाण्याजवळच उरका.

गडावरच्या कातळात खोदलेल्या टाक्यातलं पाणी आधी सुती फडक्याच्या चार पदरांतून गाळा, मगच क्लोरीनची गोळी टाका आणि अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात गोळीचा जोर गाळातच संपतो. कुमशेतला विहिरी तळाला गेलेल्या असू शकतात. गावात विचारून, मोजकंच घ्या. तिथे अंघोळीचा विषय काढूच नका.

डोंगरखूळ: ओआरएस रोज घ्यायचं का? की नुसतं पाणी चालेल?

रानवारा: घामातून मीठही जातं. वर नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, आणि लोक ऊन लागलं समजून आणखी पाणी पाजतात. पाचातलं दीड-दोन लिटर ओआरएसचं ठेवा. एका लिटरचं पाकीट पूर्ण एका लिटरमध्येच. अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट ओतलं तर जुलाब होतील. बाकी भडंग, खारे दाणे, लोणचं.

कोणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला तर तो उष्माघात समजा, अंगाला घाम असला तरी. सावलीत आडवा करा, कपडे भिजवा, टोपीने जोरात वारा घाला. पाणी पाजण्याआधी अंगावर ओता. शुद्ध हरपली असेल तर तोंडात थेंबही नको. १०८ ला फोन लावा. रेंज नसेल तर दोघांनी गाव गाठायचं, एकाने जवळ थांबायचं.

डोंगरखूळ: आणि उतरायला तोलार खिंडच बरी ना?

घाटमाथा: मे महिन्यात नाही. त्या वाटेवर आधी सात टेकड्यांचा चढउतार, तोही बराचसा उघड्यावर, आणि पुढे कातळावरचे लोखंडी रेलिंग दुपारी हाताला चटका देतात. पाचनईलाच उतरा, त्या वाटेवर कड्याची सावली तरी आहे. खिरेश्वरचाच हट्ट असेल तर सुती हातमोजे घ्या आणि नऊच्या आत कातळ उतरा.