मदत हवी आहे: कंडेन्सरवरील तांबे-अ‍ॅल्युमिनियम जोडाची गळती

रत्नागिरीत समुद्राजवळ बसवलेल्या, आर-३२ गॅसच्या दीड टनी स्प्लिट एसीच्या बाहेरील युनिटमध्ये, कंडेन्सर कॉइलची (गॅस थंड करणाऱ्या नळ्यांच्या जाळीची) अ‍ॅल्युमिनियमची नळी तांब्याच्या नळीला जिथे जोडली आहे नेमकी तिथेच गळती आहे. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने जागा निश्चित केली आहे. इपॉक्सी लावून पाहिले, परंतु दाब टिकला नाही. नवी कॉइल या मॉडेलसाठी मिळत नाही.

म्हणून आता ब्रेझिंग, म्हणजे कांडी वितळवून जोड भरणे, करायचे आहे. त्यासाठीची नेहमीची फॉस्फरस-तांब्याची कांडी ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते, तर अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांनाच. शिवाय तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र येताच सुमारे ५४८ अंशांना द्रवरूप मिश्रण तयार होते, त्यामुळे नळी हातची जाण्याची धास्ती वाटते. म्हणून आत फ्लक्स (धातूवरचा ऑक्साइडचा थर काढणारा पदार्थ) भरलेली, ५०० अंशांच्या आत वितळणारी झिंक-अ‍ॅल्युमिनियमची कांडी आणली आहे. आर-३२ ज्वलनशील असल्याने गॅस पूर्ण काढून घेतला आहे आणि काम करताना नळीतून नायट्रोजन सोडणार आहे.

ज्यांनी असा जोड प्रत्यक्ष केला आहे त्यांनी कृपया सांगावे: ज्योत प्रामुख्याने तांब्यावर ठेवून अ‍ॅल्युमिनियम केवळ त्या उष्णतेने तापू द्यावे का, आणि खाऱ्या दमट हवेत हा जोड टिकण्यासाठी वरून आतल्या बाजूस गोंद असलेली हीट-श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आकसून घट्ट बसणारे आवरण) पुरेशी होईल, की जोड कापून दाबून बसवायचा कपलरच वापरावा?