अजून एक सराव संच? लिहा तुमचे अनुभव

खापरपोळी:
काल समोरच्या गच्चीवर वहिनींनी पोराला कुरडया राखायला बसवलं, वर हातात शिष्यवृत्तीचा सराव संच दिला. पोऱ्या आरशातली घड्याळं ओळखतोय आणि कावळा मजेत कुरडया नेतोय! शाळेला सुट्टी लागून चार दिवस झालेत फक्त.

मला आमचे अप्पा आठवले. आडत दुकानात मुनीम. जुन्या बिलबुकांच्या पाठकोऱ्या बाजूवर रोज पन्नास गणितं घालायचे. मागची शाई उमटायची. एकदा माझ्या भागाकारात कापसाचं वजनच घुसलं. अप्पांनी उत्तर बघितलं आणि म्हणाले, "हे तर चोपड्याच्या पार्टीचं वजन!" आखाजीला अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला, बहिणी गाणी म्हणताहेत, मी ओट्यावर. "तेवढं संपव, मग जा." संपलं तेव्हा दोर सोडून घडी घालत होते.

तापीकाठ:
बिलबुक 😂 आमच्याकडे औटकी. दीडकी, अडीचकी समजू शकतो, साडेतीनचा पाढा कोणाला लागतो भो? तेही जेवताना. समोर भरीत-पुरी, आणि "औट साते?" साडेचोवीस म्हणेपर्यंत घास तोंडात जायचा नाही. हिशोबात आज कोणाला ऐकत नाही हे खरं, पण गार भरीत काही विसरलो नाही.

भुसावळ_लोको:
ड्युटीवर आहे, रात्री लिहितो. कुरडया वाचल्या का?

खापरपोळी:
अर्धी खाट रिकामी.

दोन_पोरींची_आई:
मी त्या वहिनींच्याच जातकुळीतली, बोला काय बोलायचं ते. शिष्यवृत्ती चौथीची पाचवीला नेली ना, 2017 ची पहिली परीक्षा, तेव्हा मोठीची चौथीची तयारी झालेली होती. मग आणखी एक वर्ष सराव. पुस्तक फारच भराभर संपायला लागलं. मी खूश, लगेच दुसरं आणलं. दिवाळीला रद्दी काढताना कळलं, बाईने दोन-दोन पानं डिंकाने चिकटवलेली! रागावू की हसू कळेना. नंतर एकटीच स्वयंपाकघरात रडले, ते कोणाला सांगितलं नव्हतं.

तापीकाठ:
ताई, पोरगी हुशार आहे. डिंक कुठला वापरला?

दोन_पोरींची_आई:
बाभळीचा, आजीच्या डब्यातला. लाडवांसाठी ठेवलेला 😄

केळीचं_खोड:
आमची माय शाळेत गेली नाही कधी. वडील अभ्यासाला बसवायचे तर मधे यायची, "पोरले खेयू दे ना." तेवढ्यावर सुटलो. मार्कही तसेच पडले म्हणा.
@खापरपोळी, वहिनींकडे चीक उरला असेल तर कळव, गरम चीक तेल टाकून खाऊन वर्षं झाली.

भुसावळ_लोको:
सुटलो आत्ता. सगळं वाचून पोराला म्हटलं, आज संच राहू दे. म्हणे, मग मोबाईल द्या.