एक्सपल्सवर नायट्रोजनचा कॅन आणि सड्यावरचे रस्ते: शॉकअप बदलू का?

हेदवीचा_डॉक्टर_नव्हे:

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात कृत्रिम रेतनाचं काम करतो. लोक डॉक्टर म्हणतात, मी नाही म्हणून दमलो. गाडी हिरोची एक्सपल्स 200, 4व्ही. तवसाळपासून शृंगारतळीपर्यंत वाड्यावाड्यांतून फिरणं असतं. त्यातला निम्मा रस्ता डांबरी म्हणायचा आणि उरलेला सड्यावरचा, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळाचा. चिरेखाणीचे ट्रक जिथून जातात तिथे तर डांबरसुद्धा नावालाच.

अडचण माझ्या कमरेची नाही, कॅनची आहे. मागच्या कॅरिअरवर 3 लिटरचा द्रव नायट्रोजनचा कॅन असतो, त्यात रेतमात्रांच्या स्ट्रॉ. तापमान उणे 196. झाकण घट्ट लावता येत नाही, कारण वायूला बाहेर पडायला वाट लागते. म्हणजे कॅन उभाच राहायला हवा आणि हिंदकळायला नको. आतलं भांडं बाहेरच्या भांड्यात नुसतं मानेवर टांगलेलं असतं, मधे निर्वात पोकळी. सारखे धक्के बसले की मान जाते, पोकळी जाते आणि कॅनच्या खांद्यावर बाहेरून बर्फ धरायला लागतो. बर्फ दिसला की तो कॅन मेला समजायचं. माझा आधीचा असाच गेला. आता नव्यातलाही नायट्रोजन लवकर उतरतोय असं वाटतं.

माझं वजन 84, कॅन आणि पेटी मिळून 12 किलो. मागे खड्ड्यात आपटते आणि लगेच वर फेकते. एक मित्र म्हणतो रॅली किट टाक, पुढे 250 आणि मागे 220 मिलीमीटर ट्रॅव्हल (चाक वरखाली जायची जागा) मिळेल. दुसरा म्हणतो मागचा महाग गॅसवाला शॉकअप घे. पैसे एकदाच घालायचे आहेत. काय करू?

कुडाळचो_झील:

अरे, शॉकअप मगे बदल. आधी टायरातली हवा बघ. माझ्या भाच्यान नये शॉकअप बसवल्यान, तरी कंबर दुखताच. मागसून बघतंय तर पंपावरच्या पोरान मागच्या चाकात दाबून हवा भरलेली. हवा बरोबर केल्यार अर्धो त्रास गेलो. पण जांभ्यावर हवा लय कमी करू नको, धारेर आपटलो की ट्यूब रिमात चेपता.

बहादूरशेख_गॅरेज:

हवेचं वरच्यांनी बरोबर सांगितलं. आता पुढचं ऐका. माझं गॅरेज चिपळूणला आहे आणि शॉकअपच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांना मी पहिला प्रश्न एकच विचारतो: सॅग मोजला का? बहुतेकांनी मोजलेला नसतो. दुकानदार मात्र किंमत आधी सांगतो.

सॅग म्हणजे तुम्ही सामानासकट बसल्यावर गाडी किती खाली बसते ते. मोजायला एक टेप आणि दोन माणसं पुरतात. गाडी स्टँडवर उचलून मागचं चाक अधांतरी करा. एक्सलच्या मध्यापासून सरळ वर फेअरिंगवर पेनाने खूण करा आणि अंतर मोजा. मग चाक जमिनीवर, गाडी एकटी, तेच अंतर पुन्हा. मग तुम्ही बूट, हेल्मेट, कॅन सगळं घेऊन रोजच्यासारखे बसा आणि दुसऱ्याने मोजायचं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की मोकळा सॅग, पहिल्यातून तिसरं वजा केलं की स्वाराचा सॅग. तुमच्या गाडीला पुढे 190 आणि मागे 170 ट्रॅव्हल आहे. खराब रस्त्याला त्याचा साधारण 30 टक्के भाग स्वाराच्या सॅगमध्ये जायला हवा, म्हणजे मागे पन्नासच्या आसपास आणि पुढे 57 च्या आसपास.

मागे प्रीलोडच्या, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याच्या, पायऱ्या आहेत, त्या फिरवून हा आकडा आणायचा. इथे लोकांचा हटकून घोळ होतो. प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते असं सगळे समजतात. स्प्रिंग तेवढीच राहते, फक्त गाडी वर उचलली जाते. स्प्रिंग वजनाला पुरेशी आहे की नाही हे मोकळा सॅग सांगतो. स्वाराचा सॅग बरोबर आला पण गाडी एकटी उभी असताना बसतच नाही, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे. उलट एकटी खूप बसते आणि स्वार बसल्यावर फारशी हलत नाही, तर कडक आहे.

रॅली किटबद्दल माझं स्पष्ट मत, घेऊ नका. किट वाईट आहे म्हणून नव्हे, ते ज्या कामाचं आहे ते काम तुमचं नाही. त्याच मापाचं सस्पेन्शन कंपनीने 2023 च्या एक्सपल्स प्रो मध्ये दिलं आणि सीटची उंची 891 मिलीमीटरवर गेली. पावसात शेवाळ धरलेल्या जांभ्यावर, गोठ्याच्या उतारावर, पाठीशी कॅन घेऊन एक पाय टेकवायचा आहे तुम्हाला. उडी मारायची नाहीये.

आणि कॅन कॅरिअरवरून काढा. हे सगळ्यात आधी करा, फुकट आहे. मागच्या एक्सलच्या मागे लटकणारी वस्तू खड्ड्यात सगळ्यात जास्त वरखाली होते आणि पुढच्या चाकावरचं वजनही उचलते. सीटच्या मागच्या भागावर, तुमच्या पाठीला लागून ठेवा. खाली जाड फोम, बाजूंनी फोम, आणि न ताणणाऱ्या पट्ट्यांनी बांधा. हुकवाली रबरी दोरी नको, ती कॅनला स्वतःच नाचवते. टाकीवर मांड्यांमध्ये ठेवायचा विचार आला असेल तर तोही नको, वायू कुठे सुटेल बघा.

मागे आपटून वर फेकते म्हणालात. आपटणं स्प्रिंगचं, फेकणं डॅम्पिंगचं, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणाऱ्या तेलाचं. सीट हाताने जोरात दाबून सोडा. सटकन वर येऊन पुन्हा झुलत असेल तर आतलं तेल किंवा सील गेलंय. आकडे टाका, मग बोलू.

देवगड_हापूस_हिमालयन:

माझी हिमालयन 411 आहे, विचारलेल्या गाडीचं नाही सांगत, पण खाऱ्या हवेचं सांगतो. बाग समुद्राच्या बाजूला. आमच्या गाडीला मागे लिंकेज (शॉकअपला चाकाच्या बाजूशी जोडणारे सांधे) आहे आणि त्याची बेअरिंगं दर पावसाळ्यानंतर खोलून ग्रीस केली नाहीत तर गंजून धरतात. मग शॉकअप चांगला असूनही मागची बाजू लाकडासारखी चालते. स्विंगआर्मचे बुशही त्याच वेळी बघून घ्या. पुढे रबरी बूट आहेत ते छान, पण त्यांच्या आत लाल चिखल आणि मीठ साचतं आणि पाईपला गंजाचे ठिपके येतात. ठिपका आला की नवं ऑइल सीलसुद्धा टिकत नाही. फेरीबोटीतून उतरलात की गोड्या पाण्याने धुवा आणि बूट वर सरकवून पाईप पुसा. दाबयंत्राचा फवारा सीलवर थेट मारू नका.

हेदवीचा_डॉक्टर_नव्हे:

सगळ्यांचे आभार. हवा खरंच जास्त होती, कुडाळकरांना शिरसाष्टांग. काल बायकोला टेप धरायला लावून मोजलं. (तिचं म्हणणं, गायींची कमी म्हणून आता गाडीचीही तपासणी.)

मागे, प्रीलोड सगळ्यात कमी असताना: मोकळा 18, स्वाराचा 75 मिमी. प्रीलोड जवळजवळ शेवटच्या पायरीवर: मोकळा 4, स्वाराचा 61. मग कॅन सीटवर पाठीशी आणला, पायरी तीच: स्वाराचा 56. पुढे स्वाराचा 62. सीट दाबून सोडली तर एकदाच वर येते, झुलत नाही. पुढून मात्र बारीक खडीवर हँडलला टकटक टकटक येतं आणि ब्रेक मारला की नाक चटकन खाली जातं.

कॅन जागेवरून हलवल्याचा फरक लगेच कळला. पट्ट्या जुन्या स्कूलबॅगेच्या लावल्यात.

बहादूरशेख_गॅरेज:

छान मोजलंत. गिऱ्हाईकं अशी असती तर आमचं आयुष्य वाढलं असतं.

मागचं निदान सरळ आहे. प्रीलोड संपत आला, मोकळा सॅग चारवर आला, तरी स्वाराचा 56. म्हणजे स्प्रिंग तुमच्या 96 किलोला थोडी मऊ. शॉकअप झुलत नाही, म्हणजे डॅम्पिंग जिवंत आहे. अख्खा शॉकअप बदलायचं कारण नाही, स्प्रिंग एक पायरी कडक लागेल. महाग गॅसवाला घेतलात आणि त्यातही स्प्रिंग तुमच्या वजनाची नसली तर आपटणं तसंच राहील.

स्प्रिंग शोधताना चार मापं घ्या: तारेची जाडी, वेटोळ्याचा बाहेरचा व्यास, मोकळी लांबी आणि चालत्या, म्हणजे दबणाऱ्या, वेटोळ्यांची संख्या. जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो. बाकी सगळं तेच ठेवून 10 मिमीच्या तारेऐवजी साडेदहाची घेतली तरी स्प्रिंग सुमारे 22 टक्के कडक होते. म्हणून डोळ्यांनी सारख्या दिसणाऱ्या स्प्रिंगा बसवू नका, कॅलिपर लावा. कोणी म्हणेल, आहे तीच दोन वेटोळी कापून देतो, कडक होईल. होईल खरी, पण लांबी जाईल, टोक सपाट बसणार नाही आणि प्रीलोड उरणार नाही. त्याला नमस्कार करून निघा. आणि स्प्रिंग घरी खोलू नका. दाबलेली स्प्रिंग निसटली तर दात जातात, कंप्रेसर लावूनच काढायची.

पुढच्या 62 ला हात लावू नका, 190 मध्ये ते चालतं. टकटक दोन ठिकाणची असू शकते. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढेमागे हलवा आणि दुसऱ्याला कोनसेटवर (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगवर) बोट ठेवायला सांगा. बोटाला खटका लागला तर कोनसेट. नसेल तर फोर्कचं तेल. ते कधी बदललंय हे तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणजे बदललेलं नाही. जुनं तेल पातळ होतं, म्हणूनच ब्रेकला नाक पडतं. मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच भरा, पण दोन्ही पायांत पातळी पट्टीने मोजून अगदी सारखी ठेवा. पातळी थोडी वाढवली की वरची हवेची जागा कमी होते आणि शेवटच्या टप्प्यात फोर्क जास्त जोर धरतो, आपटत नाही. फार वाढवली तर सील फुटतात. मी पाच-दहा मिलीमीटरच्या पलीकडे जात नाही. चाक परत बसवताना एक्सल पूर्ण आवळायच्या आधी ब्रेक धरून पुढचं चारपाच वेळा दाबायचं, म्हणजे दोन्ही पाय आपोआप एका रेषेत येतात. वाकडे आवळले तर नवं तेलही अडखळत चालतं.

आधी तेल आणि कोनसेट करा. स्प्रिंग मिळेपर्यंत प्रीलोड आहे तिथेच ठेवा, कॅन पाठीशी.

हेदवीचा_डॉक्टर_नव्हे:

कोनसेटला खटका लागला! मंगळवारी चिपळूणला येणं आहे. गाडी दिली तर संध्याकाळी मिळेल का? गाय माजावर आली की वार बघत नाही, फोन येतोच.

बहादूरशेख_गॅरेज:

नऊच्या आत आणलीत तर कोनसेट आणि तेल दोन्ही होऊन चारला मिळेल. ऑइल सील आणि डस्ट सील येतानाच घेऊन या, जोडीने. कॅन घरी ठेवा, माझ्याकडे शेजारी वेल्डिंग चालू असतं.