मॅनिक्युअर-पेडिक्युअर शिकताना: क्युटिकलला रक्त, पॉलिशचे टवके, टाचा लाल

शिकाऊ_सातारा
आयटीआयला कॉस्मेटॉलॉजी करतेय, महिन्याभरात प्रॅक्टिकल आहे. तीन गोष्टी काही केल्या जमत नाहीत. क्युटिकल कापताना दोन-तीन बोटांमागे एकाला तरी रक्त येतं. पॉलिश दुसऱ्याच दिवशी टोकाकडून उडतं. पेडिक्युअरनंतर टाच गुळगुळीत दिसते, पण लाल होते आणि आग होते असं मॉडेल सांगतात. माझा क्रम असा: हात 10 मिनिटं कोमट शाम्पूच्या पाण्यात, मग क्युटिकल, फाईल, स्क्रब, मसाज, पॉलिश. पाय 20 मिनिटं पाण्यात आणि बाहेर काढल्या काढल्या फाईल. कुठे चुकतंय?

निदेशिका_कोल्हापूर
तिन्ही ठिकाणी पाणी जास्त होतंय. हातांना 3 ते 5 मिनिटं पुष्कळ झाली.

आता रक्ताचं. नखाच्या मुळाशी दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि वर्गात दोन्हींना सर्रास क्युटिकलच म्हणतात. नखावर चिकटलेला पातळ पारदर्शक पापुद्रा हे खरं क्युटिकल. ते मेलेलं असतं. पुशर (क्युटिकल मागे सारायची चपट्या टोकाची दांडी) फिरवला की पिठासारखा पांढरा भुगा सुटतो, तो त्याचाच. त्याच्या मागे कातडीची जी जाडसर कड दिसते ती इपोनिकियम, जिवंत कातडी. नख जिथून वाढतं त्या जागेचं दार तिने बंद ठेवलेलं असतं. ती कापली की रक्त येतं, जंतू आत शिरतात आणि नखुरडं होतं. शिवाय कापलेली कड भरताना जाड आणि खरबरीत होते, म्हणून पुढच्या वेळी आणखी कापावीशी वाटते. 10 मिनिटं भिजल्यावर ही जिवंत कडही फुगून पांढरट दिसते. तू नेमकी तीच मेलेली समजून निपरमध्ये (कातडी कापायच्या छोट्या पकडीत) धरतेयस.

असं कर. आधी कोरड्या नखाला फाईल. ओलं नख मऊ असतं, घासलं की थर सुटतात. नैसर्गिक नखाला 180 किंवा 240 ग्रिट (फाईलचा खरखरीतपणा, आकडा मोठा तितकी फाईल बारीक). 100 ग्रिट कृत्रिम नखांसाठी असते, ती नको. कडेकडून मध्याकडे, एकाच दिशेने. करवतीसारखी पुढे-मागे चालवू नकोस. मग पाणी, मग हात नीट टिपून क्युटिकल रिमूव्हर फक्त नखावर, बाटलीवर लिहिलंय तेवढाच वेळ. ते अल्कधर्मी असतं, जास्त राहिलं तर कातडी चुरचुरते. पुशर नखाला जवळजवळ सपाट टेकवून छोट्या गोलाकार हालचालींनी फिरव. टोक उभं धरलंस तर नखावर चरे पडतात. निपर फक्त सुटून लोंबणाऱ्या तुकड्याला. कापायचं आणि सोडायचं, ओढायचं कधीच नाही. ओढलं की मेलेल्याबरोबर जिवंत कातडी सोलून येते, आणि शिकणाऱ्यांच्या हातून रक्त बहुतेक वेळा इथेच निघतं.

रक्त आलंच तर काम थांबव, ग्लोव्ह घाल, स्वच्छ कापसाने दाबून धर, अँटिसेप्टिक लाव. त्या बोटाला पॉलिश नाही. ती फाईल आणि ऑरेंज स्टिक (नखाची लाकडी काडी) कचऱ्यात, निपर निर्जंतुक होईपर्यंत बाजूला. हेपॅटायटिस बी लसीचे तीन डोस झाले नसतील तर सुरू कर. या कामात ते हवेतच.

रंगकाम_ठाणे
पॉलिशपुरतं सांगतो. नख पाणी पितं आणि पसरतं. तशातच रंग लावला की तासाभरात नख सुकून आकसतं, पण वरचा रंग त्याच्याबरोबर आकसत नाही. पकड सुटते आणि टोकापासून टवका निघतो. दुसरं कारण मसाजचं तेल. मसाजनंतर पॉलिश रिमूव्हरमध्ये बुडवलेला कापूस प्रत्येक नखावरून फिरवा, कडेच्या खाचांतूनसुद्धा. तेल नेमकं तिथेच दडून बसतं. मग बेस कोट, रंगाचे दोन पातळ हात, टॉप कोट. प्रत्येक थरानंतर 2-3 मिनिटं थांबा. ब्रश आधी मधोमध, मग एक कड, मग दुसरी. मुळाशी केसभर जागा मोकळी सोडा. रंग कातडीला लागला की तिथूनच उचलला जातो. शेवटी ब्रश नखाच्या टोकाच्या धारेवरून आडवा फिरवा, बेस आणि टॉप कोट दोन्ही वेळा. भांडी घासणाऱ्या हातांना हीच पायरी वाचवते.

बुडबुडे येत असतील तर बाटली हलवू नका, तळव्यांमध्ये लोळवा. पंख्याखाली वाळवू नका, कारण वरची साय आधी धरते आणि आतला द्रव अडकून राहतो. घट्ट झालेल्या पॉलिशमध्ये रिमूव्हर ओतायचा नाही, पॉलिश थिनरचे दोन-तीन थेंब पुरतात.

टाच_आणि_वजरी
पायाला 38 ते 40 अंशांचं पाणी, 5 ते 10 मिनिटं. ओल्या टाचेत मेलेलं आणि जिवंत सारखंच मऊ लागतं, म्हणून हात कुठे थांबवायचा ते कळत नाही. फाईल कोरड्या टाचेवर, पाण्याच्या आधी, एकाच दिशेने. भुगा पांढरा आणि कोरडा पडतोय तोवर ठीक. खालची कातडी गुलाबी किंवा गरम लागली की थांबायचं. थोडी जाड कातडी राहू द्या, चालताना तीच भार झेलते. पाण्यानंतर वजरी हलकेच, बस. ब्लेड अजिबात नको. भेगेतून रक्त येत असेल तर फाईल आणि स्क्रब दोन्ही वर्ज्य. कुरूप काढणं हे आपलं काम नाही, डॉक्टरांकडे पाठवा.

पायाची नखं सरळ, छोट्या छोट्या कापांनी. कोपरे खणले की नख मांसात घुसतं. पाय पाण्यात घालण्याआधी मधुमेह आहे का ते विचारा. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला चटका कळत नाही, त्यामुळे पाण्याचा अंदाज गिऱ्हाइकावर सोडू नका. फुगलेल्या शिरांवर मसाज नाही.

पायांचं शेव्हिंग वा वॅक्सिंग त्याच दिवशी झालं असेल तर दुसरी तारीख द्या. 2000 साली कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिलमध्ये एका सलूनच्या फूटबाथमुळे शंभरावर गिऱ्हाइकांच्या पायांना फोड आले होते, मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम या जंतूचे. पाणी ओढणाऱ्या जाळीमागे केस आणि कातडीचा गाळ साचला होता, आणि आधी शेव्हिंग केलेल्यांना धोका जास्त होता. म्हणून जेट असलेला टब असेल तर जाळी रोज काढून घासा. साधा टब दर गिऱ्हाइकानंतर साबणाने घासायचा, मग 5 टक्के सोडियम हायपोक्लोराइट एक भाग आणि पाणी नऊ भाग, 10 मिनिटं, मग धुऊन कोरडा. हे द्रावण रोज ताजं करा, त्यात ॲसिड मिसळू नका आणि स्टीलची हत्यारं घालू नका, गंजतात.

शिकाऊ_सातारा
खूप आभार. निपर आणि पुशर आमच्याकडे यूव्ही बॉक्समध्ये ठेवतात, तेवढं चालेल ना?

निदेशिका_कोल्हापूर
नाही. निर्जंतुक झालेलं सामान ठेवायला तो बॉक्स ठीक आहे. किरण जिथे पडत नाहीत तिथले जंतू तसेच राहतात, आणि निपरचा सांधा नेमका सावलीतच असतो. निपर उघडून ब्रशने साबणाच्या पाण्यात घास, कोरडा कर, मग ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र): 121 अंश, 15 पौंड दाब, 15 मिनिटं. आधी घासणं चुकवू नकोस, मळाखाली वाफ पोचत नाही. बाहेर काढल्यावर सांध्याला तेलाचा एक थेंब.