मदत हवी आहे: विधानसभेच्या उमेदवाराचे स्वातंत्र्य आणि चारित्र्य कागदोपत्री कसे तपासावे?

नमस्कार मंडळी,

मी सांगली जिल्ह्यातील एका गावात राहतो. आमच्या मतदारसंघातील सर्व उमेदवारांना एकाच व्यासपीठावर बोलावून प्रश्न विचारावेत, असे गावच्या वाचनालयाने ठरवले आहे आणि प्रश्नावली तयार करण्याचे काम आम्हा काही जणांकडे आले आहे. मतदारसंघाचे व उमेदवारांचे नाव मुद्दाम देत नाही. दिले की चर्चा गटातटाच्या भांडणात वाहून जाते, हा इथला नेहमीचा अनुभव आहे.

उमेदवारांपैकी एक जण अपक्ष असून ‘मी कोणाच्याही दावणीला बांधलेला नाही’ हे त्यांचे प्रत्येक सभेतले पालुपद आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सांगलीतून विशाल पाटील अपक्ष निवडून आले, तेव्हापासून आमच्याकडे अपक्ष या बिरुदाला वजन आले आहे. मात्र त्यांनीही निकालानंतर काँग्रेसला पाठिंबा दिला आणि १९९५ साली राज्यात ४५ अपक्ष आमदार निवडून आले, तेव्हा त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या टेकूवर शिवसेना-भाजप युतीचे सरकार उभे राहिले. पक्षांतरबंदी कायद्यानुसार अपक्ष आमदार निवडणुकीनंतर एखाद्या पक्षात रीतसर सामील झाला तर त्याचे सदस्यत्व जाते. बाहेरून पाठिंबा द्यायला मात्र कसलीही आडकाठी नाही. उलट पक्षाच्या आमदाराला मतदानात व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, पाळावा लागतो, पण सभागृहात तारांकित प्रश्न विचारणे किंवा लक्षवेधी सूचना मांडणे यासाठी त्याला व्हिपची वाट पाहावी लागत नाही. त्यामुळे चिन्ह कोणते, यावरून स्वातंत्र्य ठरत नाही, असे माझे मत झाले आहे. उद्या या माणसाची मान कोण पिरगाळू शकतो, हे आधी पाहायला हवे.

हे अपक्ष उमेदवार एका सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्ष आहेत आणि घरात एक पतसंस्था व एक शिक्षणसंस्थाही आहे. उमेदवारी अर्जासोबतच्या नमुना २६ मधील प्रतिज्ञापत्रात उमेदवार, त्याचा जोडीदार, अविभक्त हिंदू कुटुंब आणि अवलंबून असलेल्या व्यक्ती यांची मालमत्ता, कर्जे व सरकारी देणी लिहावी लागतात. त्यांच्या मागच्या निवडणुकीचे प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून काढून वाचले, तर त्यात वैयक्तिक कर्ज नावापुरतेच आहे. पण ते ज्या कारखान्याच्या खुर्चीवर बसतात, त्याचे कर्ज या कागदावर येतच नाही. कारखान्यांना कर्ज मिळण्यासाठी अनेकदा राज्य सरकारची थकहमी (कर्ज थकल्यास ते फेडण्याची हमी) लागते आणि सहकार कायद्याच्या कलम ८३ खालील चौकशी किंवा कलम ८८ खालील नुकसानभरपाईची निश्चिती सहकार खात्याच्याच अधिकाऱ्यांच्या हातात असते. म्हणजे हमी देणारे आणि चौकशी लावणारे सरकार एकच. अशा अध्यक्षाला सत्ताधारी बाकांकडे पाहून ‘नाही’ म्हणता येईल का, हा माझा खरा प्रश्न आहे.

पक्षाचे दुसरे उमेदवारही यातून सुटत नाहीत. त्यांचा पुतण्या सार्वजनिक बांधकाम विभागाची रस्त्यांची कामे घेतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९अ मधील अपात्रता उमेदवाराने स्वतः सरकारशी केलेल्या कंत्राटापुरती आहे. प्रतिज्ञापत्रात जोडीदाराची व अवलंबितांची कंत्राटे विचारली जातात, परंतु पुतण्या, मेहुणा, जावई या मंडळींसाठी त्यात रकाना नाही. आमच्याकडे मात्र बहुतेक कारभार याच मंडळींच्या नावावर चालतो, हे सांगायला नको.

आता चारित्र्य. आमच्या बैठकीत सर्वाधिक वेळ यावरच गेला, कारण काहींच्या मते चारित्र्य म्हणजे व्यसन आणि घरातील कुरबुरी. पोलिसांत तक्रार गेलेली नसेल तर कोणाच्या घरात डोकावण्याचे आपल्याला कारण नाही, असे मी म्हटले आणि ते सर्वांना पटले असे नाही. दुसरे काही जण गुन्ह्यांची संख्या मोजत होते. तीही दिशाभूल करते. ऊसदर आंदोलनात रास्ता रोको केल्याबद्दल बेकायदा जमाव आणि जमावबंदी मोडल्याचे गुन्हे आपल्या भागात कितीतरी कार्यकर्त्यांवर आहेत. एका उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात असे खटले ओळीने दिसतात. दुसऱ्याच्या कागदात एकच खटला आहे, पण तो जुन्या दंडसंहितेच्या कलम ४०९ व ४२० खालचा, म्हणजे विश्वासाने सोपवलेल्या पैशाच्या अपहाराचा आणि फसवणुकीचा. (१ जुलै २०२४ नंतर घडलेल्या गुन्ह्यांसाठी हीच कलमे भारतीय न्याय संहितेत ३१६ व ३१८ म्हणून शोधावी लागतात.) आरोप सिद्ध झालेला नाही, हे मान्य, तरी ठेवीदारांच्या पैशाचा खटला आणि रस्त्यावर बसल्याचा खटला एका मापाने मोजणे मला पटत नाही.

माझ्या दृष्टीने अधिक बोलका पुरावा एफआरपीचा, म्हणजे उसाला सरकारने ठरवलेल्या किमान दराचा आहे. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार ऊस पुरवल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे लागते आणि तरीही थकले तर साखर आयुक्त महसुली वसुलीचा आदेश काढतात. ज्या शेतकऱ्याला तोडणीच्या चिठ्ठीसाठी पुन्हा याच कारखान्याच्या दारात जायचे आहे, तो व्याज मागायला जात नाही. अशा माणसाचे पैसे अध्यक्षांनी वेळेवर दिले का, व्याज दिले का, कामगारांचे पगार किती महिने थकवले, यावरून मला स्वभाव कळतो.

जाणकारांकडून पुढील बाबतींत मार्गदर्शन हवे आहे. कारखान्याकडे थेट माहितीचा अधिकार वापरता येईल असे दिसत नाही, कारण सहकारी संस्था आपोआप सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे. मात्र सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे उपलब्ध असलेली माहिती मागता येते. मग थकहमी, लेखापरीक्षण अहवाल आणि एफआरपीची थकबाकी यांसाठी अर्ज पुण्याच्या साखर आयुक्तालयात करावा की प्रादेशिक सहसंचालकांकडे? ३० दिवसांची मुदत पाहता उत्तर मतदानापूर्वी हाती पडेल का? आमच्यातील एक जण कारखान्याचा सभासद असल्याने सहकार कायद्याच्या कलम ३२ खाली कागद पाहण्याचा हक्क त्याला आहे. तो प्रत्यक्ष कोणी बजावला असेल तर कार्यालयात नेमके काय मागावे, हे कृपया लिहावे. वार्षिक अहवालाच्या ताळेबंदाखाली बारीक टाइपात ‘संभाव्य देणी’ अशी टीप असते, ती कशी वाचायची हेही आम्हाला कोणी समजावून दिलेले नाही.

आचारसंहिता लागू असताना असा कार्यक्रम वाचनालयाच्या सभागृहात घेण्यासाठी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांची परवानगी वाचनालयाच्या नावाने मागावी की व्यक्तिगत नावाने, आणि एखाद्या उमेदवाराने येण्याचे टाळले तर त्याची खुर्ची रिकामी ठेवून प्रश्न वाचून दाखवले तर कोणाची तक्रार होऊ शकते का, याबद्दल सातारा किंवा कोल्हापूरकडे कोणी असे आयोजन केले असल्यास त्यांचा अनुभव विशेष उपयोगी पडेल.