सेकंडहँड ४५० साइजचं आरसी (रिमोटवर चालणारं) हेलिकॉप्टर घेतलंय, पहिल्यांदा चालू करायच्या आधी काय काय तपासू?

गोदाकाठ_निखिल

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एकाकडून ४५० साइजचं कलेक्टिव्ह पिचचं (ब्लेडांचा कोन, म्हणजे पिच, बदलणारं) हेली घेतलंय, फ्लायबारलेस आहे (रोटरवर तोल सांभाळणारा दांडा नाही, ते काम गायरोचं युनिट करतं), ३२५ एमएमची कार्बनची ब्लेडं आणि तीन सेलची २२०० एमएएचची बॅटरी. रिमोट माझाच जुना आहे म्हणून रिसिव्हर नवीन टाकावा लागला, म्हणजे आधीच्याने केलेलं सेटिंग आता धरून चालणार नाही. देताना तो म्हणाला बाइंड कर (रिसिव्हर रिमोटशी जोड) आणि उडव, पण मला ते काही पटलं नाही. ड्रोन उडवलेत, फोमचं विमान पण बऱ्यापैकी येतं, हेली मात्र पहिलंच. कोपरगावच्या बाहेर आमचं शेत आहे, ऊस तुटून गेलाय त्यामुळे जागा मोकळी आहे. घरात सहा वर्षांचा पुतण्या आहे आणि तो या वस्तूपासून हलतच नाही, म्हणून सगळं नीट शिकूनच हात लावायचाय. टेबलावर कुठल्या क्रमाने काम करू, पिच किती ठेवू आणि पहिल्यांदा उचलताना किती लांब उभं राहू? आणि काही परवानगी लागते का?

वर्कशॉप_नाशिक

निखिल, पहिलं काम, ब्लेडं काढ आणि कपाटात ठेव, मेन पण आणि शेपटीची पण. मग मोटरच्या तिन्ही वायरी ईएससीपासून (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) सोडव. काही जण पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) मोठ्या गिअरपासून लांब सरकवतात, तेही चालतं, पण सुटलेल्या वायरी लांबूनही दिसतात म्हणून मी तेच सांगतो. रिसिव्हरला आणि सर्व्होंना (ब्लेडांचा कोन हलवणाऱ्या छोट्या मोटरी) करंट ईएससीमधूनच मिळतो, त्यामुळे मोटर नसली तरी बाकी सगळं चालतं आणि सेटिंग करता येतं. नवीन रिसिव्हर बाइंड करताना थ्रॉटल चॅनेल उलटा राहिला किंवा रिमोटवर दुसरंच मॉडेल निवडलेलं असलं तर बॅटरी लावल्या लावल्या मोटर पूर्ण वेगाने सुटू शकते आणि त्या वेळी आपला चेहरा हेलीवर वाकलेला असतो.

हे किती गंभीर आहे ते आकड्यात सांगतो. ४५० चा रोटर साधारण ७१ सेंटिमीटर व्यासाचा, मिनिटाला २५०० फेरे धरले तर ब्लेडच्या टोकाचा वेग ताशी ३३० किलोमीटरच्या पुढे जातो. ब्लेडचं वजन ३० ग्रॅम धरलं तरी प्रत्येक ग्रिपवर (ब्लेड पकडणारा भाग) ४० किलोच्या आसपास ओढ येते, म्हणून चीर गेलेलं ब्लेड किंवा अर्धवट आवळलेला बोल्ट इथे चालतच नाही. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका पार्कात १९ वर्षांचा मुलगा स्वतःच्याच आरसी हेलीचं ब्लेड लागून मेला, आणि तो नवशिका नव्हता, चांगला उडवणारा होता. त्याचं हेली तुझ्यापेक्षा मोठं होतं, पण बोट, डोळा किंवा गळ्याची शीर कापायला ४५० सुद्धा पुरेसं आहे.

आता सेकंडहँड आहे म्हणून आधी मेकॅनिकल. मेन शाफ्ट आणि फेदरिंग शाफ्ट (दोन्ही ग्रिप ज्यावर बसतात तो आडवा दांडा) काढून काचेवर लोळवून बघ, वाकडा असेल तर लगेच डुगडुगतो, सरळ करत बसू नकोस, नवीन टाक, महाग नसतात. मेन गिअरचे दात सगळीकडून बघ, सर्व्होचा आर्म हाताने हळू फिरवून कुठे अडकतोय का ते बघ (आतला दात तुटला असेल तर तेवढ्याच जागी खटकतो). धातू-धातू जिथे स्क्रू आहे तिथे निळं लॉकटाइट एक थेंब लावायचं, प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला अजिबात नाही, त्याने काही प्लॅस्टिक ठिसूळ होतं. आधीच्याने लावलं असेल असं गृहीत धरू नकोस, एकेक स्क्रू काढून पुसून परत लाव, एक संध्याकाळ जाईल पण जाऊ दे.

मग इलेक्ट्रॉनिक्स. रिमोट आधी चालू, नंतर हेलीची बॅटरी, बंद करताना आधी हेलीची बॅटरी आणि सगळ्यात शेवटी रिमोट, हा क्रम कधीच बदलायचा नाही. बॅटरी लावल्यावर काही सेकंद हेलीला हात लावायचा नाही, गायरो त्या वेळात स्वतःची शून्य स्थिती ठरवत असतो, हलवलंस तर चुकीची पकडतो. स्टिक मध्यावर असताना सर्व्हो आर्म लिंकेजला ९० अंशात हवेत, जवळचा दात निवड आणि उरलेलं सबट्रिमने (मध्य बारीक सरकवायचं सेटिंग) कर. स्वॅशप्लेट (सर्व्होंची हालचाल ब्लेडांपर्यंत नेणारी चकती) लेव्हलरने समपातळीत आण, डोळ्याने नको. मग एक ब्लेड तेवढ्यापुरतं लावून पिच गेजने बघ, स्टिक मध्यावर शून्य अंश आलाच पाहिजे. वरती ९ ते १० अंश आणि खाली उणे ३-४, शिकायला एवढं भरपूर आहे, ते उणे १२ वगैरे थ्रीडी (उलटसुलट कसरती) करणाऱ्यांसाठी. सायक्लिकसाठी (हेली पुढे-मागे, डावं-उजवं कलवणं) तुझा एफबीएल, म्हणजे फ्लायबारलेस युनिट, जेवढे अंश मागेल तेवढे नेमके दे. झालं की ब्लेड परत काढ.

सगळ्यात महत्त्वाचं गायरोची दिशा. स्टिकने सगळं बरोबर हलतंय म्हणजे गायरो पण बरोबर आहे असं नाही, दोन्ही वेगळी सेटिंग आहेत. हेली हातात धर, नाक खाली झुकव, स्वॅशप्लेट मागे झुकली पाहिजे, म्हणजे जमिनीशी समांतर राहायचा प्रयत्न करताना दिसली पाहिजे. उजवीकडे कलवलं तर ती डावीकडे. शेपटीसाठी रडर उजवीकडे दे, स्लायडर (शेपटीच्या ब्लेडांचा कोन बदलणारा सरकता भाग) कुठे जातो ते लक्षात ठेव, आता स्टिक सोड आणि हाताने नाक झटकन डावीकडे फिरव, स्लायडर त्याच बाजूला गेला पाहिजे. उलटा गेला तर गायरो उलटा आहे, आणि तसंच उडवलं तर जमिनीवरून उठायच्या आधीच ते स्वतःभोवती गरगर फिरायला लागतं, कितीही स्टिक दिलीस तरी थांबत नाही.

शेवटी फेलसेफ. सिग्नल गेला की थ्रॉटल शून्य, हे सेट कर आणि रिमोट बंद करून खरंच होतंय का ते बघ, मोटरच्या वायरी सोडवलेल्या असतानाच, थ्रॉटलचा चॅनेल मॉनिटर किंवा रिसिव्हरच्या थ्रॉटल पिनला एक जादा सर्व्हो लावून. थ्रॉटल होल्डचं (मोटर बंद ठेवणारं) स्विच असं निवड की बोट न शोधता तिथे जाईल. ईएससीचं थ्रॉटल कॅलिब्रेशन तेवढं राहील, त्याचे बीप मोटरमधूनच येतात म्हणून मोटर जोडावी लागते, ते सगळ्यात शेवटी कर आणि ब्लेडं नसतानाच.

मेधा_ठाणे

वरचं सगळं बरोबर, मी बॅटरीचं सांगते कारण घरात लहान मूल आहे म्हणालास. जुन्या पॅकचा प्रत्येक सेल वेगळा मोज, तिन्ही जवळजवळ सारखे हवेत. एखादा खूप खाली असेल किंवा पॅक गादीसारखा फुगला असेल तर तो वापरायचा नाही, कितीही महाग असला तरी, डिस्चार्ज करून ई-कचऱ्यात दे. चार्जिंग बॅलन्स मोडवर, २२०० ला २.२ अँपिअर, सेल ४.२ व्होल्टला भरला की झालं. चार्जिंगला लावून बाहेर जायचं नाही, झोपायचं तर नाहीच. फरशीवर, पडदा-गादी-लाकूड काही जवळ नाही अशा जागी, आणि शेजारी कोरड्या वाळूची बादली. लायपो (ही लिथियम पॉलिमर बॅटरी) पेटली की धूर विषारी असतो आणि ती क्षणात भडकते.

उडवताना टायमर सुरुवातीला चार मिनिटांचाच ठेव, उतरल्यावर परत चार्ज करताना किती एमएएच जातात ते बघ, १७५० च्या आसपास म्हणजे ८० टक्के वापरले, त्याच्या पुढे जायचं नाही. दोन-तीन दिवसात उडवणार नसशील तर भरलेली ठेवू नकोस, सेलला ३.८ व्होल्टवर स्टोरेज कर. आणि तुमच्याकडे मे महिन्यात बंद गाडीत पॅक ठेवायचा विचारही नको.

चक्रधर_७७

एवढं घाबरवू नका हो त्याला, मी तर ट्रेनिंग गिअर लावून गच्चीवरच शिकलो. कठडा आहे, वारा अडतो. ट्रॅकिंग (दोन्ही ब्लेडं एकाच पातळीत फिरतात का ते) बघायला भाऊ स्किड (हेलीचे खालचे पाय) धरून ठेवायचा. भीती गेली की हात आपोआप बसतो.

वर्कशॉप_नाशिक

चक्रधर, तुमचं वय आणि अनुभव मान्य, पण हे वाचणारा कुणीतरी उद्या तसंच करेल म्हणून स्पष्ट लिहितो. चालू हेली कुणीही हातात धरायचं नाही, कधीच नाही. ट्रॅकिंगसाठी दोन ब्लेडच्या टोकांना दोन रंगांची टेप लाव, हेली जमिनीपासून डोळ्याच्या उंचीला हॉवर करताना (एका जागी तरंगताना) दहा मीटरवरून बघ, दोन रंग वेगळे दिसले तर खाली उतरव, थांबव, वरच्या ब्लेडची लिंक अर्धा फेरा बदल, परत बघ. आणि गच्चीवर मागे सरकायला जागा नसते. कठड्यावर आपटलेलं ब्लेड कुठे उडेल सांगता येत नाही, खाली रस्ता असतो, पोरं खेळत असतात.

ट्रेनिंग गिअर म्हणजे ते आडवे दांडे आणि बॉल मात्र जरूर लाव निखिल, ते सगळ्यांनाच उपयोगी.

हवाई_पुणेकर

माझं एकच सांगणं, आधी सिम्युलेटर. रियलफ्लाइट असो की दुसरं कुठलं, तुझाच रिमोट यूएसबीने जोडून रोज अर्धा तास. ड्रोन येतो म्हणून हेली येईल असं नसतं कारण ड्रोन स्टिक सोडली की स्वतः सरळ होतो आणि जागेवर थांबतो, फ्लायबारलेस हेली (सेल्फ लेव्हल नसेल तर) जसं कलतं तसंच कललेलं राहतं आणि त्या दिशेने पळत सुटतं. शेपूट आपल्याकडे ठेवून हॉवर पक्का झाला की बाजू, मग सगळ्यात शेवटी नाक आपल्याकडे, तिथे डावं-उजवं उलटं होतं आणि माणूस घाईत चुकीची स्टिक देतो. सिम्युलेटरवर नाक आपल्याकडे ठेवून शांतपणे हॉवर जमेपर्यंत खऱ्या हेलीचं नाक स्वतःकडे वळवू नकोस.

शेतात पहिल्या दिवशी सकाळी लवकर जा, वारा पडलेला असतो आणि लोक नसतात. आपल्याकडे खरी अडचण गर्दीची आहे, आवाज ऐकला की आजूबाजूची पोरं धावत येतात आणि थेट हेलीकडे धावतात. म्हणून एक माणूस फक्त लोकांवर लक्ष ठेवायला सोबत घे, त्याने हेलीकडे बघायचंच नाही. बघणारे सगळे तुझ्या मागे आणि लांब, कुणी पुढे आलं की लगेच खाली उतरव आणि होल्ड मार, मग बोल त्यांच्याशी. पुतण्याला पहिल्या काही वेळेला घरीच ठेव, रडला तरी. उसाचे बुडखे राहिलेल्या रानात स्किड अडकतं, तेवढा तुकडा साफ कर किंवा जुनी ताडपत्री ताणून खुंट्या ठोक, सैल ठेवलीस तर रोटरच्या वाऱ्याने तीच वर येईल.

परवानगीचं: ड्रोन नियम २०२१ मध्ये रोटरवाली यंत्रं पण येतात. तुझं हेली २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोच्या आत म्हणजे मायक्रो गटात, त्यात धंद्यासाठी नसेल तर पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही. पण जागा बघावीच लागते आणि तुझ्या बाबतीत जास्त, कारण शिर्डीचा विमानतळ काकडीला आहे आणि काकडी तुमच्याच तालुक्यात. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर शेत नेमकं शोध, लाल-पिवळ्यात येत असेल तर दुसरी जागा बघ. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरव्या भागातही २०० फुटांपर्यंतच मुभा आहे, त्याच्या बाहेर ४०० फूट. तुला शिकताना दहा फुटाच्या वर जायचंच नाहीये, तरी विमानाचा मार्ग आहे तर विषय हलका घेऊ नकोस.

गोदाकाठ_निखिल

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. नकाशा बघितला, शेत हिरव्यात आहे. फेदरिंग शाफ्ट खरंच वाकडा निघाला, मागवलाय. वायरी सोडवून बाकी सगळं केलं, फेलसेफ पण चालतंय. वर्कशॉप काका, दोन गोष्टी अडल्यात. स्टिक मध्यावर आहे तरी शेपटीचा स्लायडर हळूहळू एका टोकाला जाऊन बसतो आणि परत येत नाही. आणि सायक्लिक स्टिक देऊन सोडली की स्वॅशप्लेट लगेच सरळ होत नाही, कललेलीच राहते. सर्व्हो गेलेत का?

वर्कशॉप_नाशिक

सर्व्हो ठीक आहेत रे, हे असंच दिसतं. गायरो हेडिंग होल्डमध्ये आहे, त्याला नाक एका दिशेला धरायचंय, टेबलावर शेपूट काही हलत नाही म्हणून तो जास्त जास्त कमांड देत टोकाला जातो. रेट मोडला टाकून बघ, स्टिक सोडली की मध्यावर येईल, शेपटीचा मेकॅनिकल मध्य त्याच मोडमध्ये सेट कर. स्वॅशप्लेटचं पण तेच, एफबीएल वाट बघतोय की हेली तेवढं कलेल.

पण यातूनच जमिनीवरचा एक नियम निघतो. स्पूल होताना (रोटर वेग घेताना), हेली अजून जमिनीवर असताना, सायक्लिक स्टिक हलवत बसायचं नाही. जमीन कलू देत नाही, एफबीएल स्वॅशप्लेट आणखी झुकवतो आणि उचलताक्षणी हेली त्या बाजूला आडवं पडतं. म्हणून होल्डवर ठेवून बॅटरी लाव, दहा मीटर मागे जा, अजून लांब गेलास तरी चालेल, स्वॅशप्लेट सरळ दिसतेय ना बघ, मग होल्ड काढ. सॉफ्ट स्टार्टने हळूहळू वेग घेऊ दे, कुठेही थरथर दिसली तर परत होल्ड. पूर्ण वेग आला की पिच ठामपणे वाढव आणि दोन-तीन फूट वर ने, अगदी जमिनीलगत अर्धवट तरंगत ठेवलंस की स्वतःच्याच वाऱ्यात ते जास्त डचमळतं. काही बिनसलं तर आधी होल्ड, हेली वाचवायच्या नादात थ्रॉटल चालू ठेवू नकोस, आपटल्यावर अडकलेली मोटर ईएससी जाळते आणि वर पेट घेऊ शकते. उतरल्यावर ब्लेडं पूर्ण थांबेपर्यंत जागा सोडू नकोस, आणि जवळ जाताना पण होल्ड चालूच.

शाफ्ट आला की ग्रिपमध्ये बेअरिंग बसवताना थ्रस्ट बेअरिंगची दिशा बघ, मोठ्या भोकाची चकती आत, रोटर हबच्या बाजूला, आणि लहान भोकाची बाहेर. फोटो टाक, आवळायच्या आधी बघतो.